प्रतिसाद नाही

'होय'साठी एकच अक्षर दाबायचं होतं. ते तिने दाबलं आणि पडद्यावरची ओळ मध्येच थांबली. थांबणारच होती. चारशे किलोमीटरवर, तिने कधी न पाहिलेल्या एका इमारतीत, कधी न पाहिलेल्या एका खोलीत तो सर्व्हर आता बंद होऊन पुन्हा सुरू होणार होता. जुनी ऑपरेटिंग सिस्टिम उतरवून नवी चढवली की शेवटी एवढंच उरतं. दोन मिनिटं, फार तर तीन. तिने दुसरी खिडकी उघडून पिंग सुरू केलं. पिंग म्हणजे दर सेकंदाला मारलेली हाक. यंत्र जागं असलं की ओ देतं, नसलं की पडद्यावर एक ओळ उमटते : प्रतिसाद नाही. पहिली ओळ आली, दुसरी आली, मग त्या एकाखाली एक येतच राहिल्या. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी धूत होतं, बादली फरशीवर घासल्याचा आवाज येत होता. रविवार, दुपारचे बारा चाळीस. तिने खांदे मागे घेतले, मान डावी-उजवीकडे वळवली, पाण्याचा घोट घेतला. बारा त्रेचाळीसला तिने पेला खाली ठेवला. बारा पंचेचाळीसला तिच्या लक्षात आलं, की आपण मघापासून श्वास अर्धाच घेतोय.

पाच मिनिटंही लागतात कधीकधी. जुनी यंत्रं सुरू होताना स्वतःची तपासणी करत बसतात, म्हाताऱ्या माणसाने घराबाहेर पडताना चारदा खिसे चाचपावेत तशी. ती स्वतःलाच हे समजावत होती आणि त्याच वेळी मनाच्या खालच्या कप्प्यात दुसरं काहीतरी सरकत होतं. तिला दोन गोष्टी माहीत होत्या. एक, सर्व्हर असा मुका झाला तर त्याच्याशी बोलायला एक वेगळी आडवाट ठेवलेली असते, आणि ती आडवाट सहा महिन्यांपासून बंद होती. हे तिने पाहिलं होतं, 'करायच्या कामां'च्या यादीत लिहिलं होतं, आणि दर महिन्याला ती ओळ पुढच्या महिन्यात ढकलली होती. दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. नव्या सिस्टिमबरोबर आलेल्या सूचनांमध्ये एक ओळ होती, की यंत्राला बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या नेटवर्क कार्डाचं नाव बदलू शकतं, आधी तपासून घ्या. शुक्रवारी संध्याकाळी तिने ती वाचली होती. वाचताना डोळ्यांनी ओळ पार केली होती, इतकंच. तेव्हा मनात काय होतं? काहीच नव्हतं. घरी जायचं होतं. आता त्या ओळीची जागासुद्धा तिला आठवत होती, पानाच्या उजव्या बाजूला, खालून तिसरी.

"तुझं पोर बोललं का?" दारातून नवऱ्याने विचारलं. सर्व्हरला तो पोर म्हणायचा. ही त्याची जुनी थट्टा होती, आणि एरवी तिला ती आवडायची.

"नाही अजून."

"जेवायला वाढू?"

"तू जेव ना! मला काय विचारतोस प्रत्येक वेळी?"

तो हलकेच दार ओढून गेला. दार ओढताना त्याने कडीचा आवाज होऊ दिला नाही. आजारी माणसाच्या खोलीचं दार लावावं तसं. एक वाजायला दहा मिनिटं होती. पडद्यावर तेच दोन शब्द सेकंदाला एकदा उमटत होते, आणि हे दोन शब्द तिने फार पूर्वी शाईने लिहिलेले पाहिले होते. खाटेच्या पायथ्याशी टांगलेल्या कागदावर, रोजच्या तारखेपुढे. उजवा हात : प्रतिसाद नाही. डावा हात : प्रतिसाद नाही. हाक मारल्यावर : प्रतिसाद नाही. त्या खाटेवर तिचे बाबा होते. तीस वर्षं बसचे कंडक्टर, आवाज असा की मागच्या सीटवरचा झोपलेला माणूस आपल्या थांब्याला बरोबर उठायचा. घरीसुद्धा ते हळू बोलू शकत नसत. शेजारी म्हणायचे, तुमच्याकडे आज काय भाजी आहे ते आम्हाला कळतं. मग एका सकाळी दात घासताना ते खाली बसले आणि त्यानंतर बोलले नाहीत. डोळे उघडे होते. डोळे पंख्याकडे बघत असत आणि पंखा बंद केला तरी तिकडेच बघत असत.

एक वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. तिला वाटलं होतं साहेबांचा असेल. तो रक्तपेढीतून होता. हा सर्व्हर अकरा गावांतल्या अकरा रक्तपेढ्यांचा होता. कोणत्या पेढीच्या कोणत्या फ्रिजमध्ये कोणत्या गटाच्या किती पिशव्या आहेत, याची एकच यादी त्याच्या पोटात होती.

"मॅडम, यादी उघडत नाहीये," पलीकडची बाई म्हणाली. ती तिथली तंत्रज्ञ. आवाज बारीक पण ठाम.

"काम चालू आहे. मी शुक्रवारी सगळ्यांना मेल पाठवला होता. बारा ते एक यादी बंद राहील म्हणून."

"मेल आम्ही सोमवारी बघतो. आणि आता एक वाजून गेला. किती वेळ लागेल?"

"थोडा."

"थोडा म्हणजे किती, सांगा ना. इथे एक बाळंतीण आहे, रक्त थांबत नाहीये. ओ निगेटिव्ह पाहिजे. आमच्याकडे एकच पिशवी होती, ती लावलीय. दुसरी कुठे आहे ते तुमच्या यादीत दिसतं, आम्हाला दिसत नाही."

"फोन करून विचारता येईल का बाकीच्यांना?"

"करतेच आहे," ती बाई म्हणाली. "रविवार आहे. कोण उचलतंय, कोण नाही." आणि फोन ठेवला.

मनगटापासून पुढचा हात आपला नाहीच असं तिला वाटू लागलं. तिने यादी उघडायचा प्रयत्न केला, जणू तिच्यासाठी ती उघडेल. पडद्यावर नुसतं चक्र गोल फिरत राहिलं. ती उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. कुठलीतरी एक बाई, जिचं वयसुद्धा आपल्याला माहीत नाही, एका पांढऱ्या चादरीवर पडली आहे आणि आपण शुक्रवारी घरी जायच्या घाईत होतो. तिने सर्व्हर होता त्या इमारतीतल्या इंजिनिअरला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मग जुन्या कागदांमधून तिथल्या गेटचा नंबर शोधून काढला. बारा वेळा घंटी वाजली. तेराव्या वेळी कोणीतरी उचलला.

"हॅलो, कोण?"

"मी सर्व्हरचं काम बघते. तिथे कोणी इंजिनिअर आहेत का?"

"साहेब रविवारी नसतात. मी वॉचमन."

"सर्व्हरच्या खोलीची किल्ली आहे तुमच्याकडे?"

"किल्ल्या सगळ्या आहेत. पण आत जायची परवानगी नाही मला. आठ वर्षं झाली, कधी गेलो नाही."

"मी देते परवानगी."

"पण तुम्ही कोण, मॅडम?"

प्रश्न साधा होता. आवाजावरून माणूस साठीचा असावा. त्यात उद्धटपणा नव्हता, आपलं काम करणाऱ्याचा सावधपणा होता. ती कोण होती? तिच्याकडे त्या खोलीचा कसलाही अधिकार नव्हता. मग तिने खरं तेच सांगितलं. एक बाई बाळंत झालीय, तिला रक्त पाहिजे, ते कुठे मिळेल ते त्या खोलीतल्या एका यंत्रात लिहिलंय, आणि माझ्या चुकीमुळे ते यंत्र बोलेनासं झालंय. पलीकडे किल्ल्यांचा जुडगा वाजला. "माझा मोबाइल नंबर लिहून घ्या," तो म्हणाला. "गेटवरचा फोन आत पोचत नाही."

मोबाइलवर आधी जिना ऐकू आला, मग कुलूप, मग एकदम हजार पंख्यांची घरघर. "केवढा आवाज हो! आणि गारठा बघा!" तो ओरडून बोलत होता. तिने सांगितलं, तिसरी रांग, खालून चौथं यंत्र, त्यावर पांढरी चिठ्ठी. चाकांच्या गाडीवर एक पडदा आणि कीबोर्ड असेल, तो ओढत आणा. निळ्या टोकाची वायर यंत्राच्या मागे लावायची. "बसत नाही," तो म्हणाला. उलटी करून बघा. "हां, बसली." पडदा उजळला. तिने डोळे मिटले. अक्षरं आहेत, तो म्हणाला, पुष्कळ आहेत.

म्हणजे यंत्र मेलं नव्हतं. जागं होतं. मघापासून, कदाचित पहिल्या तीन मिनिटांपासून, ते त्या गारठ्यात पुरतं जागं होतं आणि आपल्याला वाटत होतं की आत कोणी नाही. ती खुर्चीत मागे टेकली आणि तिला बाबांची खोली दिसली. रुग्णालयातून घरी आणल्यानंतरची. सहावा आठवडा. फोन त्यांच्याच खोलीत होता, भिंतीला, खाटेपासून चार पावलांवर. परदेशातून दादाचा फोन आला होता, सुट्टी काढून येऊ का विचारायला. ती बावीस वर्षांची होती, सहा आठवडे झोपलेली नव्हती, अंगाला औषधांचा वास यायचा. ती म्हणाली होती, "दादा, घाई करू नकोस. इथे कोणी राहिलेलं नाही. नुसतं शरीर आहे, ते मी धुते रोज. सुटले तर सगळेच सुटू." आवाज खालीसुद्धा आणला नव्हता तिने. कशाला आणायचा? नवव्या आठवड्यात व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी त्यांचा डावा अंगठा पाहिला. तो हलत होता. हो म्हणायचं असेल तर वर करा, बाईंनी सांगितलं, आणि तो वर गेला. पहिल्यापासून कळत होतं का सगळं? अंगठा वर. ऐकू येत होतं? वर. आई रडायला लागली, आनंदाने. ती मात्र स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

"मॅडम? आहात का?"

"आहे, आहे. शेवटच्या ओळी वाचून दाखवा."

"तीच तर पंचाईत आहे. मला गाड्यांच्या नंबरातली अक्षरं येतात. गेटवर वहीत लिहितो ना रोज. कीबोर्डावर आहेत तसली, मोठी. पडद्यावरची ही बारकी, वेगळीच दिसतात."

"मग आकार सांगा. जसं दिसतं तसं सांगा."

"बरं. शेवटून दुसरी ओळ, सुरुवातीला आकडे आहेत बरेच. त्यानंतर... अर्धा मिटलेला डोळा. मग एक कमान. मग गोल. मग एकाचा आकडा."

ती कागदावर काढत गेली.

"मग दोन टिंबं, एकाखाली एक. मग थोडी जागा. मग काठीला छोटा हूक. परत तो डोळा. परत कमान. मग पोट सुटलेलं काहीतरी. मग दोन कमानी जोडून..."

"पुरे," ती म्हणाली. कार्डाचं नाव बदललं होतं. उजवीकडे, खालून तिसरी ओळ. यंत्र जुन्या नावाच्या दारापाशी उभं राहून ते उघडायची वाट बघत होतं, आणि त्या नावाचं दारच आता नव्हतं. एवढीशी गोष्ट. बारा अक्षरांची एक आज्ञा लिहिली की काम भागणार होतं, पण ती लिहायला आधी आत शिरायला हवं होतं, आणि आत शिरायचा पासवर्ड जगात फक्त दोघांना माहीत होता. तिने तो एकेक अक्षर करत त्या न पाहिलेल्या माणसाला सांगितला.

"दाबतोय, पण उमटत काहीच नाही."

"उमटणार नाही. दाबत राहा."

"चुकलं तर कळणार कसं?"

"शेवटी कळेल."

पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदाही चुकलं. पलीकडून आता त्याचा श्वास ऐकू येत होता, ओठांतून सोडलेला, थरथरता. बोटं आखडली असावीत थंडीने. बरोबर दोन वाजता तिसऱ्यांदा लागलं. मग आज्ञा. डी. डी दाबला. एच. एच दाबला. प्रत्येक अक्षर तो परत म्हणून दाखवत होता. शेवटच्या चारांत त्याने 'ओ'ऐवजी शून्य दाबलं, आणि तिने ते कसं कोण जाणे ओळखलं. शून्य नव्हे, ओ, गोल. "हां, चुकलो, चुकलो," तो म्हणाला. पुसलं, पुन्हा लिहिलं.

"आता एन्टर दाबा. आणि मी सांगेपर्यंत तिथून हलू नका. काही झालं तरी हलू नका."

"नाही हलत."

प्रतिसाद नाही. प्रतिसाद नाही. प्रतिसाद नाही. मग एक वेगळी ओळ आली, आकड्यांची, लांब. तिच्याखाली दुसरी तशीच. यंत्र ओ देत होतं. तिच्या तोंडून काहीतरी आवाज निघाला, आणि त्याच क्षणी फोनच्या पडद्यावर रक्तपेढीचा नंबर झळकायला लागला. तिने अंगठ्याने हा फोन तोडून तो घेतला.

"उघडली! यादी उघडली, बघा तुम्ही," ती म्हणाली.

"हो, दिसली," तंत्रज्ञ बाई म्हणाली. "पिशवी मिळाली. सातव्या फोनला. पावणेदोनलाच गाडी निघाली तिथून."

"आणि ती बाई?"

"आत आहे. तुम्हाला कळवू का?"

"कळवा. प्लीज कळवा."

म्हणजे यादी वीस मिनिटं उशिरा आली होती. बाई वाचली तर ती फोन फिरवणाऱ्या त्या ठाम आवाजामुळे वाचणार होती, आणि न वाचली तर कोणामुळे, हे तिच्याशिवाय कोणाला कळणार नव्हतं. ती सर्व्हरमध्ये शिरली. कार्डाचं नवं नाव फाइलीत घातलं. आतल्या नोंदी वाचल्या. बारा त्रेचाळीसपासून तो जागा होता. दर थोड्या वेळाने त्याने एक ओळ लिहिली होती, बाहेर जाता येत नाही, आणि पुन्हा प्रयत्न केला होता. पानंच्या पानं होती. तिला ती वाचवेनात. खरं म्हणजे त्याला पुन्हा एकदा बंद करून सुरू करून बघायला हवं होतं, केलेली दुरुस्ती टिकते का ते तपासायला. बोट त्या कळीपर्यंत गेलं आणि परत आलं. दुसऱ्यांदाही परत आलं. उद्या, तिने ठरवलं, तिथला इंजिनिअर आल्यावर. मग तिने साहेबांना अहवाल लिहिला. 'अपग्रेडदरम्यान काही काळ संपर्क तुटला. अडचण दूर केली आहे.' संपर्क तुटला. कोणी तोडला नाही, तो आपला आपण तुटला. तिने ते वाक्य तीनदा वाचलं आणि पाठवून दिलं.

चार वाजता रक्तपेढीतून संदेश आला. दोघं ठीक. दोनच शब्द. ती स्नानघरात जाऊन रडली, तोंड धुतलं, बाहेर येऊन गार झालेलं जेवली. नवरा समोर बसून राहिला. तिला त्याला सांगावंसं वाटत होतं, पण कुठून सुरुवात करावी ते कळेना. बाबा त्यानंतर अकरा महिने होते. त्या अकरा महिन्यांत तिने त्यांना हजार प्रश्न विचारले. पाणी? पंखा? कुशीवर वळवू? रेडिओ लावू? अंगठा वर, अंगठा तसाच. एक प्रश्न तिने विचारला नाही. दादाशी बोलले ते ऐकलंत का, एवढाच. रात्री त्यांच्या उशाशी बसून तिने तो कितीदा तरी ओठांपर्यंत आणला होता, आणि प्रत्येक वेळी तिची नजर त्यांच्या डाव्या हाताकडे जायची. चादरीवर तो हात पडलेला असायचा, शांत, आणि त्या अंगठ्याची तिला भीती वाटायची. उभ्या आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटली नाही इतकी. न विचारता काही दिवस तिने त्यांचा हात चादरीखाली झाकूनही ठेवला होता, गारठा आहे म्हणून.

साडेपाचच्या सुमारास फोन वाजला. नंबर ओळखीचा वाटला, पण चटकन लक्षात आला नाही. तिने उचलला आणि कानावर तीच घरघर आदळली.

"मॅडम, मी वॉचमन."

ती उभी राहिली.

"सहाला माझी ड्युटी सुटते," तो म्हणाला. आवाज बसला होता, शब्द एकमेकांना चिकटत होते. "दुसरा माणूस येईल. गेटवर कोणी नाही हे बघून तो गोंधळेल. म्हणून लावला फोन. नाहीतर लावत नव्हतो. तुमचा येईल म्हणून लाइन मोकळी ठेवली होती."

"तुम्ही... तुम्ही अजून त्या खोलीत आहात?"

"तुम्ही म्हणालात ना, सांगेपर्यंत हलू नका. मग फोन कट झाला. मला वाटलं काहीतरी चालू असेल, मी हललो आणि बिघडलं तर?" तो खोकला. "त्या बाईचं काय झालं?"

"ती ठीक आहे. बाळही ठीक आहे."

"चला. बरं झालं."

साडेतीन तास. एका साठीच्या माणसाला तिने त्या गारठ्यात, त्या आवाजात, चाकांच्या गाडीपाशी उभं करून ठेवलं होतं. सांगायला हजार गोष्टी होत्या. काम खूप होतं, दुसरा फोन आला, रेंज गेली, तुमचा नंबर सापडेना. यातली कुठलीही त्याने मुकाट्याने मान्य केली असती.

"मी तुम्हाला विसरले," ती म्हणाली. "दुसरं काही नव्हतं. मी विसरून गेले, जेवले, बसून राहिले."



"ते कळलं मला," तो म्हणाला. "तीनच्या सुमारालाच कळलं." रागाने नाही म्हणाला. नुसतं सांगितलं. "पण म्हटलं, न जाणो. जाऊ का मग आता?"

"जा. जा ना. नाही, ऐका, फोन ठेवू नका. बाहेर पडेपर्यंत बोलत राहा माझ्याशी."

"काय बोलू?"

"काहीही. मी ऐकतेय."

तो जरासा हसला असावा. मग पाय घासत निघाला. गुडघे आखडलेत, तो म्हणाला. ही रांग संपली. दार आलं. बाहेर किती ऊब आहे, बघा. घरघर एकदम बंद झाली, कुलपात किल्ली फिरली आणि तो पायऱ्या मोजत उतरू लागला, मोठ्याने, एकेक करून. ती खिडकीपाशी उभी राहून दोन्ही हातांनी फोन धरून ऐकत राहिली.